तेवीस नावांची कुळकथा

फुटबॉलच्या मैदानात अकरा, पण स्पर्धेला नेण्याच्या यादीत नावे दुपटीहून जास्त. ही यादी लांबत गेली ती दुखापती आणि आजारपणांच्या धास्तीने. सुरुवातीच्या विश्वचषकांपासून देशाला २२ नावे देता येत, मात्र १९७०पर्यंत त्या स्पर्धेत सामना सुरू असताना खेळाडू बदलायची सोयच नव्हती. १९६२ला चिलीत चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध ब्राझीलचा पेले जायबंदी झाला आणि लंगडतच मैदानात राहिला. पुढच्या सामन्यांना यादी धावून आली. त्याच्या जागी आलेल्या आमारिल्दोने स्पेनविरुद्ध दोन्ही गोल केले आणि ब्राझीलने विश्वचषक राखला.

१९५४पासून यादीतल्या प्रत्येकाला स्पर्धाभर एकच क्रमांक मिळू लागला. अर्जेंटिनाने १९८२ला हे क्रमांक आडनावांच्या वर्णक्रमाने वाटले, त्यामुळे मधल्या फळीतला आर्दिलेस गोलरक्षकाचा एक नंबर पाठीवर घेऊन खेळला. मॅराडोनाला मात्र त्याचा दहा नंबर राखून ठेवला होता! २००२ला पुरुषांची यादी २३ची झाली, त्यात तीन गोलरक्षक. बायकांची यादी कायम मागे राहिली. १९९१च्या पहिल्या महिला विश्वचषकात १८ नावे होती, ती २३ व्हायला २०१५ उजाडले.

आता आपल्या ठाणे जिल्ह्यात येऊ. नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २०१७ला सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. भारताच्या २१ जणांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि मुंबईत जन्मलेला नमित देशपांडे होते, पण भारताचे सामने दिल्लीला. राष्ट्रीय संघ नेरुळला उतरला तो जानेवारी २०२२मध्ये, महिलांच्या आशियाई चषकासाठी. आशालता देवी कर्णधार, नावे २३.

२० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईशी गाठ होती, तोवर संघात कोरोना शिरला होता. आशियाई फुटबॉल महासंघाच्या साथकाळातल्या नियमानुसार, गोलरक्षक धरून किमान १३ खेळाडू उभे करणे भाग होते. तेवीस जणींतून तेवढ्या उरल्या नाहीत. सामना झालाच नाही. यजमान संघाने माघार घेतली असे धरले गेले आणि इराणबरोबरचा सामनाही रद्द ठरला. २०२३च्या महिला विश्वचषकाच्या जागा याच स्पर्धेतून मिळणार होत्या. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या मुलींच्या नावापुढे माघार हा शब्द लागावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते. त्यांनी माघार घेतली नव्हती, त्या आजारी होत्या. तारीख पुढे ढकलायला हवी होती.

त्याच वर्षी कतारला पुरुषांच्या विश्वचषकात, साथ लक्षात घेऊन, २६ नावांना परवानगी मिळाली. पुढच्या वर्षीच्या महिला विश्वचषकात मात्र यादी २३चीच होती.