पिसवेच्या पोटातला जंतू

प्लेगचे नाव निघाले की मराठी माणसाला पुणे, रँडसाहेब आणि चापेकर बंधू ही नावे लागलीच आठवतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या भीषण नाट्यातले एक पात्र रंगमंचावर सतत वावरत असूनही कोणाच्या दृष्टीस पडले नाही. ते पात्र म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू, आणि तिच्या पोटात बिऱ्हाड थाटून बसलेला एक जंतू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांना काही रुग्णांच्या अंगावरील गाठी पाहून प्लेगची शंका आली, आणि ती खरी ठरली. रोगाचा जंतू त्यावेळी अज्ञात नव्हता; येर्सिन या शास्त्रज्ञाने दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे तो शोधून काढला होता. जंतू सापडला होता, त्याची वाट मात्र सापडली नव्हती. घाण, कोंदट हवा, रोग्याचा स्पर्श, त्याचे कपडे, घराची जमीन अशा एक ना अनेक गोष्टींवर संशय होता. संशय जिथे, तिथे उपाय. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँड यांच्या कमिटीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरझडतीचे सत्र आरंभले. रोग्याला इस्पितळात, नातलगांना वेगळ्या छावणीत, सामानसुमान आगीत. भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक औषध. माजघर, देवघर काही सुटले नाही. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

या झडत्यांतील उद्दामपणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या बहुतांशी निष्फळही होत्या, हे मात्र तितकेसे बोलले जात नाही. माणसे हलविली, पण उंदीर आपल्या पायांनी शेजारच्या घरात गेले आणि पिसवा त्यांच्याबरोबर गेल्या. याउलट खेड्यांतल्या माणसांनी अनुभवाने एक नियम बांधला होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे आणि माळावर झोपड्या घालून राहावयाचे. त्यांना कारण ठाऊक नव्हते. उपाय मात्र बरोबर होता.

कारण शोधण्याचा पहिला मान फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमोन यांचा. येर्सिन मुंबईतून गेल्यावर ते त्यांच्या जागी आले होते. काही रुग्णांच्या पायावर एक बारीकसा फोड दिसे आणि त्या फोडात प्लेगचे जंतू सापडत. हा फोड पिसवेच्या दंशाचा असावा, असे सिमोन यांना वाटले. त्यांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट सुटली नाही. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारा आजारी पडे, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर तितका घातक नसे. प्रेत थंड होऊ लागताच पिसवा ते सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात, हा त्याचा उलगडा होता. २ जून १८९८ रोजी कराची येथे त्यांनी एका काचपात्रात पिसवांसह प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्यातच जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरी निरोगी उंदीर प्लेगनेच मेला. सिमोन यांचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. विद्वानांनी तो हसण्यावारी नेला.

त्यांचे म्हणणे सिद्ध झाले ते मुंबईतच. ग्लेन लिस्टन यांना राणीच्या बागेत प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदराच्या पिसवा आढळल्या. पुढे १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोग परळच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. आयोगाने मुद्दाम लहान खोल्या बांधल्या आणि त्यांत निरनिराळ्या उंचीवर गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी सुमारे चार इंचांची. साऱ्या हवेला दोष देणारे सिद्धांत त्या दोन फुटांत संपले.

तरीही एक प्रश्न उरला. पिसू रक्त पिते; मग तिच्या पोटातला जंतू बाहेर येतो कसा? १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत आर्थर बेकॉट आणि चार्ल्स मार्टिन यांनी याचे उत्तर शोधले. बेकॉट हे मूळचे एका व्यापारी कचेरीतले कारकून, फावल्या वेळात कीटक जमविणारे. पिसवेच्या घशाच्या शेवटी, जठराच्या तोंडाशी, आतून काटे असलेली एक लहानशी झडप असते. जंतू तेथे वाढू लागतात, एकमेकांना आणि काट्यांना चिकटतात, आणि पाहता पाहता त्या तोंडावर चिकट गोळ्याचे बूच बसते. मग पिसवेने कितीही रक्त ओढले तरी ते पोटात उतरत नाही. भुकेने व्याकुळ होऊन ती पुनःपुन्हा चावत सुटते. प्रत्येक वेळी रक्त बुचाला थडकून जंतूंसह जखमेत परत येते. शेवटी ती उपाशी मरते, पण तोपर्यंत जंतूचे काम झालेले असते. यजमानाला उपाशी ठेवून त्याच्याकरवी आपला प्रवास साधणारा असा भाडेकरू विरळाच!

हे बूच हवामानाच्या तालावर चालते. उष्णता सुमारे २८ अंशांच्या वर गेली की ते नीट बसत नाही. हिवाळ्यात भडकणारी साथ कडक उन्हाळ्यात का ओसरे, याचे एक कारण यात आहे. शिवाय सगळ्या पिसवा सारख्या नसतात. कोलंबो येथे फॅबियन हर्स्ट यांनी दाखविले की तिथल्या उंदरांवर मुख्यतः ‘अस्तिया’ जातीची पिसू आहे आणि ती प्लेग पसरविण्यात दुबळी आहे. मुंबईच्या वाट्याला आली ती ‘चिओपिस’. हिंदुस्थानात त्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

पण साथ ओसरल्यावर जंतू राहतो कोठे? घरातला काळा उंदीर तर प्लेगने पटापट मरतो. जो यजमान मरून जातो, त्याच्या जिवावर बिऱ्हाड टिकत नाही. बाल्ताझार आणि बहमन्यार यांनी उत्तर प्रदेशात संशोधन करून १९६० मध्ये असे प्रतिपादन केले की, हा आसरा गावात नाही, रानात आहे. लांब गोंडेदार शेपटीचा, मागच्या पायांवर उड्या मारणारा एक रानउंदीर आहे. उत्तरेत त्याला हरणमूस म्हणतात. जयपूरजवळच्या बस्सीसारख्या राजस्थानी शिवारांपासून थेट दख्खनपर्यंत तो शेताच्या कडेला बिळे करून राहतो, रात्री बाहेर पडतो, माणसाच्या घरात सहसा शिरत नाही. त्याच्यातले पुष्कळ उंदीर रोग पचवून जगतात. बिळात पिसवा असतात आणि पिसवांत जंतू. या व्यवहारात माणसाचे काहीच काम नाही. तो मध्ये सापडतो एवढेच.

कसा सापडतो, हे मराठवाड्याने पाहिले. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या भीतीने बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत आश्रय घेतला. धान्य मागे घरांतच राहिले, आणि माणूस नसलेल्या घरात उंदरांचे राज्य झाले. रानातले आणि घरातले उंदीर यांच्यामधले अंतर मिटले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये उंदीर पडले, पिसवांचा उपद्रव वाढला, मग गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने पन्नासच्या वर माणसे दगावली आणि लाखो लोकांनी ते शहर सोडले. हा प्लेग नव्हेच, असेही तेव्हा म्हटले गेले. पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीने तो वाद मिटविला. एके काळी गाव सोडल्याने माणसे वाचत. मामल्यात सोडलेल्या घरांतच रोगाने मूळ धरले.

यानंतर २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात प्लेग पुन्हा दिसला, पण वेळीच आवरला गेला. आता पाळत असते ती उंदरांवर. आरोग्य खात्याची माणसे सापळे लावतात, धरलेल्या उंदराचे अंग विंचरून पिसवा गोळा करतात, त्यांची जात ओळखतात आणि हिशेब मांडतात. दर उंदरामागे सरासरी एकाहून अधिक ‘चिओपिस’ पिसू भरली की ती धोक्याची खूण समजतात.