कोयनेची वीज आणि जावळीचा अंधार

श्रोतेहो, मेढ्यात इतिहासावर बोलायचे म्हटले की मोऱ्यांची जावळी आणि १६५६ साल निघणारच. तो इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमची शाळा म्हणजे हजेरीपट आणि कायद्याची जुनी फाटकी पुस्तके. तेव्हा आम्ही जावळीच्या पुष्कळ अलीकडच्या एका रात्रीविषयी बोलणार आहोत.

११ डिसेंबर १९६७. मार्गशीर्षातली थंडी. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयना खोऱ्यात जमीन हादरली. घरे दगडमातीची, डोक्यावर कौलांचे ओझे, आणि माणसे झोपेत. कोयनानगरची बहुतेक वस्ती बसली. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला काँक्रीटचा आधार देऊन बळकट केले. सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे, सुमारे दीड हजार फूट खाली पाणी सोडून पोफळीला वीज निघत असे. ती निघायची थांबली. मुंबई-पुण्याकडे जाणारी कोयनेची वीज गेली आणि कारखाने थंडावले.

आता ही गोष्ट दोन टोकांची आहे, आणि दोन्ही टोकांना माणूस एकच होता. जावळी आणि पाटण या तालुक्यांतला कर्ता पुरुष तेव्हा मुंबईत गिरणीत साच्यावर नाहीतर बाजारात पाठीवर पोते घेऊन असायचा. गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत त्याची वळकटी, आणि गावी त्याची मनीऑर्डर. त्या सकाळी गावाकडे घर पडल्याची बातमी, आणि इकडे वीज नाही म्हणून काम नाही!

कायदा काय सांगत होता? १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली ‘ले-ऑफ’ची कलमे घातली गेली. वीज तुटली म्हणून मालकाने काम दिले नाही, तर कामगाराला मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून जे होईल त्याच्या निम्मे द्यावे, असे ते कलम. वाचायला बरे वाटते. परंतु त्याच वाक्यात कंसात एक शब्द होता : बदली कामगार सोडून. वर्षाची सलग नोकरी पाहिजे, हजेरीपटावर नाव पाहिजे. खोऱ्यातून नुकता गेलेला पोरगा बहुधा बदलीच असायचा; दारावर उभे राहायचे, कोणाचा खाडा असेल तर आत जायचे. त्याला या कलमाने दिडकी मिळत नव्हती. माथाडीचे तर नावच कोणत्या पटावर नव्हते. त्याच्यासाठी कायदा झाला तो १९६९ साली, अण्णासाहेब पाटलांनी चालवलेल्या लढ्यानंतर. अण्णासाहेबही पाटण तालुक्यातलेच. कंसातला शब्द किती जणांची चूल विझवतो हे मोठमोठ्या वकिलांच्या लक्षात येत नाही. माथाड्याच्या बायकोच्या येते.

धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६२ साली पहिली वीज निघाली. शिवसागराच्या पाण्याखाली नि त्याच्या काठाने सुमारे शंभर गावांचे संसार विस्कटले. बामणोली, तापोळ्याकडच्या लोकांना हे आम्ही सांगायला नको. कोणी सांगली-सोलापूरला गेले, कोणी रत्नागिरी, ठाणे, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात. जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे पाणी भरून वर्षे लोटल्यावर. कांदाटी खोऱ्यातल्या वाड्या वीज देणाऱ्या पाण्याच्या काठावर राहून कंदिलावर दिवस काढीत होत्या.

धरण बांधायलाच नको होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या विजेवर ज्या गिरण्या चालल्या, त्यांतच आमच्या लोकांची भाकरी होती. मुळशीचेही तसेच. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले, ते मुंबईच्या गिरण्यांना वीज देणाऱ्या टाटांच्या धरणाविरुद्ध. आणि त्या गिरण्यांत राबणाराही कोकणातला नि घाटावरचा शेतकरीच. भांडण शेतकऱ्याचे आणि कामगाराचे नव्हतेच. हिशेब कोणाच्या वहीत मांडला जातो, हा प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट. दख्खनचे पठार भूकंपापासून निर्धास्त, असे तेव्हा शास्त्रज्ञ मानीत. धरणाच्या आराखड्यात धक्क्याचा विचार होता तो अगदी थोडा. पाणी साठू लागल्यावर खोऱ्यात हादरे आणि आवाज सुरू झाले होते. १९६७ च्या सप्टेंबरातही मोठा धक्का बसला होता. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी कोयनेचे उदाहरण जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपात अग्रभागी धरले. लोकांचा संताप येथे होता. ज्या पाण्याने घर बुडवले त्यानेच उरलेले घर पाडले, असे त्यांना वाटले, आणि त्यांना वेडे ठरवण्याइतका शहाणा पुढे कोणी निघाला नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी चौकशीचा हुकूम दिला, योग्यच केले. २०१८ साली कोयनेचे विस्थापित श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, भारत पाटणकरांच्या नेतृत्वाने कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. मागणी जमिनीचीच होती, आजोबांच्या वेळची.