पोटमाळा कोणत्या रकान्यात लिहायचा?

संशोधनाचा विषय ठरवताना "यावर डेटा आहे का?" हा प्रश्न आपण सगळ्यात आधी विचारतो. मी विज्ञान शाखेतून आलेय, त्यामुळे मला तर तो फारच स्वाभाविक वाटतो. आज मात्र अशा एका गोष्टीचा इतिहास बघू, जी मुंबईतल्या असंख्य घरांत आहे, पण घरांच्या मोजणीत जवळजवळ कुठेच दिसत नाही. पोटमाळा.

बीडीडी चाळी घ्या. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी इथे 207 इमारती बांधल्या. एक खोली साधारण 160 चौरस फुटांची. कुटुंब वाढलं की करायचं काय? बाजूला शेजारी, समोर सामाईक गॅलरी. हाताशी उरते ती फक्त उंची. मग सुतार येतो आणि अवघड गणित सुरू होतं. खाली उभं राहता आलं पाहिजे, वर निदान बसता आलं पाहिजे, आणि दोन्ही एकदम जमत नाही. खोलीच्या मधोमध पंखा असेल तर फळ्या त्याच्या अलीकडेच थांबतात. शिडी अशी हवी की रात्री लावता येईल आणि सकाळी भिंतीला टेकवून ठेवता येईल. खिडकी खाली राहते, त्यामुळे मे महिन्यात वर झोपणं म्हणजे शिक्षाच. तरी अभ्यास करणारा मुलगा, गावाहून नोकरीसाठी आलेला भाचा, नवं लग्न झालेलं जोडपं, कुणीतरी वर जातंच.

आता ही जागा कागदावर शोधू. अलीकडच्या जनगणनांमध्ये राहण्याच्या खोलीची व्याख्या आहे: भिंती, दार आणि छप्पर हवं, लांबी किमान 2 मीटर, रुंदी किमान 1.5 मीटर आणि उंची 2 मीटर. म्हणजे माणूस झोपू शकेल एवढी जागा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत लॉफ्टचीही व्याख्या आहे: सामान ठेवण्यासाठी, उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर. या दोन व्याख्या शेजारी ठेवून बघा. नियमात बसणारा पोटमाळा जनगणनेची खोली होऊच शकत नाही. त्यावर रोज दोन माणसं झोपत असली तरी तो सामानाचीच जागा.

प्रयोगशाळेत काम केलेल्यांना डिटेक्शन लिमिट माहीत असेल. उपकरणाला दिसत नाही याचा अर्थ पदार्थ नाही, असा होत नाही. इथे उपकरण म्हणजे जनगणनेचा तक्ता. पोटमाळा असलेलं सहा जणांचं घर आणि नसलेलं सहा जणांचं घर, दोन्हींची नोंद तीच: खोली 1, माणसं 6. "दर खोलीमागे माणसं" हा आकडा तुम्ही प्रबंधात वापरणार असाल तर या दोन घरांतल्या रात्री किती वेगळ्या असतात, ते त्यात येणार नाही.

मग सापडतं कुठे? माझ्या मते, भांडणात. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. गिरगाव-लालबागच्या खाजगी चाळींतल्या भाडेकरूला खोली सोडणं परवडेना. म्हणजे वाढायचं तर आहे त्याच खोलीत. पण त्याच कायद्यात एक कलम होतं: मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर खोली खाली करून घेता येते. झालं! फळ्या आणि चार खांब यांना "कायमस्वरूपी" म्हणायचं का, यावर वकिलांचे युक्तिवाद सुरू झाले. 1987 मध्ये मुंबईतल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचं स्वरूप, त्यामागचा हेतू, त्याचा टिकाऊपणा हे सगळं एकत्र बघायला सांगितलं. पुढे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कोणती कामं "कायमस्वरूपी" धरायची नाहीत याची यादीच आली. त्यात लाकडी पार्टिशन आहे, स्वयंपाकाचा ओटा आहे, फॉल्स सीलिंग आणि एसीसुद्धा आहे. पोटमाळा नाही. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती परत वरून खाली वाचून काढली.

इथून पुढचं माझं अनुमान, तुम्ही ते तपासा. पोटमाळा भिंतीत रोवायचा की नटबोल्टवर उभा करायचा, हा निर्णय निव्वळ सुतारकामाचा नसावा. उद्या कोर्टात "हा सुटा करता येतो" म्हणता यावं, हा विचारही त्यात असणार. म्हणूनच जुने निकाल वाचताना निकालापेक्षा वर्णनाकडे लक्ष द्या: मापं, लाकूड की लोखंड, खांब फरशीत पुरलेले की नुसते टेकवलेले. एक धोका लक्षात ठेवा. कोर्टात पोचले ते भांडण झालेले पोटमाळे. मालकाने कानाडोळा केलेले तिथे येत नाहीत, आणि बीडीडीसारख्या सरकारी चाळींची तऱ्हा आणखी वेगळी.

त्या उरलेल्यांसाठी घरं बघावी लागतील, आणि वेळ कमी आहे. बीडीडीच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशाला 500 चौरस फुटांचं घर मिळतं, जुन्या खोलीत पोटमाळा असो वा नसो. वरळीतल्या काही इमारती पाडूनही झाल्या. कुणाला या विषयावर काम करायचं असेल तर मीटर टेप घेऊन जा आणि फरशीपासून फळीपर्यंत, फळीपासून छतापर्यंत अशी दोन मापं वेगवेगळी लिहा. वर कोण झोपायचं, तेही तिथेच विचारून घ्या.