एक टक्का हमालीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मी परदेशातून एक छोटा सेन्सर बोर्ड मागवला. जुना साठा काढून टाकायचा सेल होता, निम्म्या किमतीत मिळाला. पार्सल आलं तेव्हा कागदावर मात्र सुटीच्या आधीची पूर्ण किंमत लिहिलेली आणि कर त्या किमतीवर लावलेला. मी बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. कुरिअरवाल्यामार्फत उत्तर आलं, "साइटवर हीच किंमत दिसते." रक्कम लहान होती, भांडायला वेळ नव्हता. भरून टाकली. पण मग वस्तूची किंमत म्हणजे मी मोजलेले पैसे, की कुणीतरी गृहीत धरलेला आकडा? हा प्रश्न घेऊन वाचायला लागलो आणि कळलं की यावर देशादेशांत भांडणं झाली आहेत.

कराचा दर कायद्यात छापलेला असतो. खरी मारामारी असते ती तो दर कशावर लावायचा, याची. अमेरिकेने १९२२ मध्ये एक युक्ती केली. कोळशाच्या डांबरापासून बनणारे रंग आणि रसायनं आयात झाली, की त्यांची परदेशी किंमत बाजूला ठेवायची आणि तशाच अमेरिकी मालाच्या किमतीवर कर लावायचा. समजा, आयात मालाची किंमत १०० डॉलर, अमेरिकी मालाची २०० आणि दर ४० टक्के. कर होतो ८० डॉलर. कागदावर ४० टक्के, खिशातून ८० टक्के!

१९४७ च्या गॅट कराराने सांगितलं, की मूल्य काल्पनिक नको, खरं हवं. पण आधीपासूनच्या कायद्यांना त्यात सवलत होती, म्हणून अमेरिकेची ही पद्धत टिकली. १९७९ मध्ये टोकियो फेरीत ठरलं, की प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंमत हाच मूल्याचा पहिला आधार. तेव्हा कुठे ती गेली. भारताने याच तत्त्वावर १९८८ मध्ये मूल्यांकनाचे नियम केले.

तरी वाद संपले नाहीत. आयशर ट्रॅक्टर्सने जपानहून बेअरिंग मागवले. माल जुना, म्हणून विक्रेत्याने ७७ टक्के सूट दिली. कस्टम्सने विक्रेत्याची किंमत-यादी पुढे केली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किंमत-यादी म्हणजे प्रत्यक्ष सौदा नव्हे. सूट मोठी आहे, एवढ्यावरून सौदा खोटा ठरत नाही. हे वाचताना मला माझा सेन्सर बोर्ड आठवला.

दुसरा खटला तर आमच्याच क्षेत्रातला. बंदरावर किंवा विमानतळावर माल उतरवण्याचा, हाताळण्याचा खर्चही तेव्हा करपात्र मूल्यात धरत असत. १९९० मध्ये नियम बदलला आणि हा खर्च सरसकट मालाच्या मूल्याच्या १ टक्का ठरवून टाकला. खऱ्या खर्चाची पावती हातात असली तरीही. गंमत म्हणजे वाहतुकीच्या खर्चाला हा नियम नव्हता. तिथे खरा आकडा मिळत नसेल तरच गृहीत टक्केवारी. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच खटकतं. डिफॉल्ट व्हॅल्यू असते ती इनपुट नसताना वापरायला. इथे इनपुट आलं तरी डिफॉल्टच चालू! शिवाय हमाली लागते वजनाप्रमाणे. मूठभर चिप्सच्या खोक्याला कोट्यवधींच्या मूल्याचा १ टक्का हमाली कशी लागेल?

विप्रोने याला आव्हान दिलं. मद्रास उच्च न्यायालयात हार झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती तरतूद आहे त्या रूपात अवैध ठरवून तिचा अर्थ मर्यादित केला: खरा खर्च माहीत असेल तर तोच धरा. २०१७ मध्ये सरकारने तो १ टक्का नियमांतूनच काढला. तोपर्यंत २७ वर्षं गेली होती.

कस्टम्सचा संशय निराधार नसतो, हेही खरं. बिलात किंमत कमी दाखवून कर चुकवणारे असतातच. विकसनशील देशांना ही भीती होती, म्हणून १९९४ मध्ये अधिकाऱ्यांना संशय घेण्याची आणि पुरावा मागण्याची मुभा देणारा निर्णय झाला. आपल्या २००७ च्या नियमांतही ती आहे. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की आयातदाराने मागितलं तर संशयाचं कारण अधिकाऱ्याने लेखी द्यायचं.

विप्रोकडे वकील होते आणि इतकी वर्षं थांबायची ताकद होती. माझ्याकडे एक स्टेटमेंट होतं. हे वाक्य त्या दिवशी माहीत असतं, तर पैसे भरण्याआधी मी निदान ते लेखी कारण तरी मागितलं असतं.