मेंदूतली गाठ आणि घाईचा निकाल

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत पाण्याची गाठ दिसली, की मिरजगावापासून नगरपर्यंत एकच सल्ला कानी पडतो: मूल मतिमंद निघेल, वेळीच मोकळे व्हा. असे सांगणारे निर्दयी नसतात. दिव्यांग मुलाचे सारे अखेर आईलाच करावे लागते, उपचारांपायी कर्ज होते आणि गर्भपाताची मुदतही सरत आलेली असते, हे त्यांनी पाहिलेले असते. चिंता खरी आहे. अनुमान चुकीचे आहे.

गाठ कोठे आहे, हे आधी विचारायला नको का? या महिन्यात सर्वाधिक आढळते ती कोरॉइड प्लेक्ससमधली गाठ. मेंदूतले पाणी तयार करणाऱ्या या जाळ्यात थोडे पाणी साठले की पडद्यावर काळा ठिपका उमटतो. शंभरांतल्या एक-दोन गर्भांत तो सापडतो आणि सातवा महिना सरेपर्यंत बहुधा विरून जातो. बाकी सारे ठीक असेल, तर या मुलांच्या बुद्धीत पुढे काही उणे राहत नाही. बालपणी त्यांची तपासणी करूनच हे ठरलेले आहे.

जाणता प्रतिपक्षी येथे ट्रायसोमी १८ चे नाव घेईल. त्या जीवघेण्या गुणसूत्रदोषातही ही गाठ दिसते, हे मान्य. पण तो दोष एकट्या गाठीने क्वचितच प्रकटतो. हृदयात व्यंग असते, वाढ खुंटलेली असते, मूठ घट्ट आवळलेली आणि बोटे एकमेकांवर चढलेली असतात. म्हणून कसलेला सोनोलॉजिस्ट गाठ दिसताच प्रोब बाळाच्या हाताकडे नेतो आणि मूठ उघडेपर्यंत थांबतो. बोटे मोकळी पसरली, हृदय निर्दोष दिसले, की शंका पुष्कळ ओसरते. उरलीच, तर आईच्या रक्ताची किंवा गर्भजलाची तपासणी आहे.

मेंदूच्या आवरणातली अ‍ॅरॅक्नॉइड गाठ निराळी. ती सहसा विरत नाही. पण एकटी असेल तर बहुतेक मुले चांगली वाढतात. पाण्याची वाट अडलीच, तर जन्मानंतर दुर्बिणीने किंवा शंटची नळी घालून ती मोकळी करता येते. उलट, रक्तस्रावाने मेंदूचा भागच नष्ट होऊन पडलेली पोकळी गंभीर असते; झटके आणि लुळेपणा यांचा धोका मोठा. तेथे खोटा दिलासा देणे ही फसवणूक होईल. या तिन्हींना एकच निकाल कसा लागू पडेल?

राहिला मुदतीचा मुद्दा. २०२१ पासून लागू झालेल्या गर्भपात कायद्यातील दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर २४ आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचे मत प्रतिकूल असतानाही ३२ आठवड्यांपुढच्या गर्भपाताला परवानगी दिली. निर्णय त्या स्त्रीचा, असे स्पष्ट बजावून. मग घाई कशासाठी?

निवाडा वाचकांनी करावा. विनंती एवढीच: असा रिपोर्ट हाती आला, तर गर्भपाताच्या गोळ्या घेण्याआधी गर्भचिकित्सा तज्ज्ञाकडून दुसरी सोनोग्राफी करून घ्या. गाठ कोणती आणि तिच्या जोडीला आणखी काय दिसते, हे लेखी मागा.