सोंग, सोगटी आणि सूत्रधार : एका बैठ्या खेळाच्या पूर्वेतिहासाविषयी

बैठ्या खेळांचा इतिहास हा विषय आपल्या विद्यापीठीय संशोधनात उपेक्षितच राहिला आहे. नाटकाचा इतिहास लिहिला गेला, तमाशाचाही लिहिला गेला. परंतु ओसरीवर पट मांडून बसलेल्या माणसांची दखल कोशकारांखेरीज फारशी कोणी घेतली नाही. प्रस्तुत निबंधास निमित्त झाले ते मात्र एका अगदी अलीकडच्या खेळाचे. पनवेल येथे आमच्या काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक गट दर रविवारी एकत्र जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळतो. त्यांच्या आग्रहावरून प्रस्तुत लेखक तेथे प्रथम गेला तो केवळ कुतूहलापोटी. पुढे सबंध पावसाळा तो वही घेऊन तेथे बसत राहिला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चारपाच खेळाडू एका मेजाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र निर्माण केलेले असते. त्या पात्राचे नाव, कुळ, बळ, बुद्धी, शस्त्रे, दोष हे सर्व एका कागदावर टिपलेले असते. एक जण पात्र न घेता कथेचा प्रदेश सांभाळतो, तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" खेळाडू उत्तर देतात, आणि यश संशयित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकून निर्णय होतो. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. कथा एका बैठकीत संपत नाही. ती महिनोगणती, कधी वर्षानुवर्षे चालते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

या खेळाविषयी दोन मते लेखकाच्या कानी आली. एका उत्साही विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, हा खेळ मुळात आपलाच. चतुरंग आपले, फासे आपले, मोक्षपट तर साक्षात ज्ञानेश्वरांचा. उलट एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते हे सारे परकीय थेर असून त्याचा आपल्या परंपरेशी काडीचा संबंध नाही. दोन्ही मते ठामपणे मांडली जातात, आणि दोहोंनाही पुराव्याचे बळ बेताचेच आहे.

मोक्षपटाचे प्रथम पाहू. ज्ञानेश्वरांनी हा खेळ रचला ही समजूत महाराष्ट्रात पुष्कळ रूढ आहे. परंतु ज्यांचा काळ निश्चितपणे सांगता येतो असे जुने पट अठराव्या शतकातले आहेत. तेराव्या शतकाशी त्यांचा सांधा जोडणारा समकालीन उल्लेख पुढे आलेला नाही. तेव्हा ही परंपरा श्रद्धेची म्हणून नोंदवावी, इतिहासाची म्हणून नव्हे. शिवाय मोक्षपटात खेळाडूस निवड अशी नसतेच. कवडी पडेल तेथे जावे, शिडी लागली तर चढावे, साप लागला तर उतरावे. ज्या खेळात निर्णयच नाही त्यास भूमिकेच्या खेळाचा पूर्वज मानणे कठीण आहे.

चतुरंगाची गोष्ट निराळी आहे. तेथे वंशावळ खरोखरच जुळते, मात्र ती पनवेलहून निघून प्रशियामार्गे परत येते. चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त क्रीडांची एक स्वतंत्र विंशती आहे, आणि तीत चतुरंग व पाशकक्रीडा या दोहोंचे वर्णन येते. त्याही आधी, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अल्-बिरूनीने हिंदुस्थानात चौघांनी फासे टाकून खेळावयाचे बुद्धिबळ पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे सैन्य आणि दैव ही दोन्ही एका पटावर नांदत होती. पुढे ती फुटली. बुद्धिबळातून फासा गेला व ते निखळ बुद्धीचे झाले. फासा सारीपाटाकडे गेला व द्यूताच्या अपकीर्तीत सापडला.

युरोपात ही दोन्ही पुन्हा एकत्र आली, ती सैनिकी शिक्षणाच्या गरजेतून. ब्रुन्सविक येथील हेलविग याने १७८० मध्ये बुद्धिबळाच्याच पायावर युद्धाचा एक खेळ रचला. त्याच्या पटास सोळाशेहून अधिक घरे होती. पुढे राइसविट्झ पितापुत्रांनी घरे टाकून देऊन प्रत्यक्ष भूप्रदेशाचा नकाशा घेतला. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत हानीचा निर्णय फाशाने होतो, आणि उभयपक्षांच्या आज्ञा ऐकून काय दिसले व काय घडले ते सांगणारा एक मध्यस्थ असतो. या मध्यस्थास जर्मन भाषेत दिलेल्या नावाचा अर्थ 'विश्वासातला मनुष्य' असा आहे. फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने १८७६ मध्ये तर नियमांचे जंजाळच दूर सारून या मध्यस्थाच्या अनुभवी निर्णयावर भर दिला. आजच्या खेळाचा कणा येथे तयार झाला.

त्यापुढचा टप्पा अमेरिकेतला आहे. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने 'ब्राउनस्टाइन' नामक एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. त्यात सेनापतींच्या बरोबरीने गावातल्या माणसांच्याही भूमिका वाटून दिल्या, आणि युद्ध बाजूला राहून खेळाडू आपापसांत कारस्थाने करू लागले. वेस्लीस हा आपला खेळ फसला असे वाटले, असे सांगतात. खेळाडूंना मात्र तोच पुन्हा हवा होता. त्यांतील डेव्ह आर्नेसन याने 'ब्लॅकमूर' ही अद्भुतरम्य भूमी रचली, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स याच्यासह तिचे नियम लिहून काढले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांची ती पेटी विक्रीस आली. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

याप्रमाणे पटाची व फाशाची वंशावळ सांगता येते. परंतु या खेळाचा प्राण पटात किंवा फाशात नाही, तो बोलण्यात आहे. तेथे मात्र आमचे ज्येष्ठ सहकारी चुकतात असे लेखकास वाटते. कारण संहितेवाचून, नेमून दिलेल्या प्रसंगात, सोंग घेऊन बोलणे ही मराठी मुलुखाची फार जुनी विद्या आहे. दक्षिण कोकणातील दशावतारात आजही लिखित संवाद नसतात. रंगमंचावर येण्यापूर्वी आख्यानाचा सांगाडा नटांना सांगितला जातो. राजाने काय बोलावे, राक्षसाने त्यास काय प्रत्युत्तर द्यावे, हे तेथल्या तेथे उभे राहते. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांतही, १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पासून, पदे सूत्रधाराची आणि भाषणे पात्रांची स्वयंस्फूर्त, अशीच वाटणी होती. सूत्रधार मागे हटला व संहिता पुढे आली ती नंतरच्या काळात.

म्हणून त्या विद्यार्थ्यांच्या मेजावर जो कथा सांभाळतो त्यास 'सूत्रधार' हे नाव अगदी नेमके बसते. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत त्यास नुसते 'रेफरी' म्हटले होते, म्हणजे तो युद्धाच्या खेळातला पंचच होता; 'डंजन मास्टर' ही संज्ञा मागाहून रूढ झाली. मराठीत जो शब्द तयार होता तो इंग्रजीस घडवावा लागला. आमची मुले मात्र 'डीएम' म्हणतात. असो.

आता प्रश्न असा उरतो की, सोंग येथे होते, सोगटी येथे होती, सूत्रधारही होता. मग हे तिन्ही एका मेजावर का आले नाहीत? 'सोंग' आणि 'सोंगटी' या शब्दांचे उच्चारसाम्य पाहून कोणासही मोह होईल, पण तो आवरला पाहिजे. 'सोंग' हे स्वाङ्ग शब्दापासून आले आहे. 'सोगटी' हे अनुस्वाररहित रूपही प्रचलित असल्याने तिची व्युत्पत्ती त्याच मार्गाने लावता येत नाही. शब्द जवळ आले, वस्तू जवळ आल्या नाहीत. सारीपाटाची सोगटी मारली जाते आणि पुन्हा तशीच पटावर येते. तिला नाव नाही, इतिहास नाही, तिच्यासाठी कोणी शोक करीत नाही. गंजिफात नावे आहेत, आणि ती थोर आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी एकशेवीस वाटोळी पाने असतात. दिवसा खेळाचा आरंभ रामाच्या राजाने होतो आणि रात्री कृष्णाच्या. परंतु तेथेही खेळाडू राम होत नाही, तो रामाचे पान टाकतो. बाजूच्याच गावच्या देवळात रात्री दशावतारी नट राम होऊन बोलत असे, आणि वाड्यात गंजिफा खेळणारा मुकाट्याने हात मोजीत असे. या दोन जगांमध्ये ये-जा झाली नाही.

याचे एक कारण द्यूताच्या अपकीर्तीत शोधावे लागेल. 'लीळाचरित्रा'तील चक्रधरांच्या पूर्वायुष्याची कथा वाचकांस परिचित आहेच. द्यूतात हरलेले हरिपाळदेव पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात, ती नाकारते, आणि त्या विरक्तीतून पुढचे सारे घडते. मराठीच्या पहिल्या गद्यचरित्रातच फासा हा घर मोडणारा म्हणून येतो. आमच्या भाषेने फाशाच्या खेळातून उचलले तेही पाहावे. 'पौ' आणि 'बारा' हे दान हिंदीत भाग्योदयाचे झाले. मराठीत त्याचा 'पोबारा' होऊन त्यास पळून जाण्याचा अर्थ आला. सोंग घेणे हे उत्सवाचे, देवळाच्या अंगणातले, सर्वांदेखत करावयाचे कर्म होते. फासा टाकणे हे आडोशाचे. १८७१ मध्ये पंडित हरिकृष्ण यांनी तत्कालीन औरंगाबादेत 'क्रीडाकौशल्य' रचून खेळांना शास्त्राची प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न केला, पण तो संस्कृतात, आणि एका विशाल ज्योतिषग्रंथाच्या पोटात राहिला.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सर्वांत मोलाचे वाटले ते वेगळेच. इंग्रजीत खेळाडू 'आय ओपन द डोअर' म्हणतो, तेव्हा बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ते सांगावेच लागते. गटातील एका मुलाने वृद्ध वैदूणीचे पात्र घेतले होते. पहिल्या बैठकीत तो "मी दार उघडतो" असेच म्हणत होता, म्हणजे पात्र बाहुलीसारखे हाती धरून हालवीत होता. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत, एका भांडणाच्या भरात, त्याच्या तोंडून "मी सांगते ना!" असे निघून गेले. मुले हसली, सूत्रधार हसला नाही, त्याने त्या वैदूणीलाच उद्देशून "आजी, आपण बसा" असे उत्तर दिले. त्यानंतर पात्राच्या तोंडचे सारे '-ते'कारान्त आणि फासा टाकतानाचे सारे '-तो'कारान्त, अशी विभागणी त्या मुलाच्या बोलण्यात आपोआप पडली. "मी त्याला औषध देते" आणि लगेच "थांब, मी फासा टाकतो". एकाच माणसाची दोन व्याकरणे एका मिनिटात. इंग्रजीत खेळणाऱ्यांकडून हा पुरावा मिळणेच शक्य नाही.

या '-ते'ची मराठीत मोठी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत आणि एकनाथांच्या गौळणींत पुरुष कवी स्त्रीलिंगी क्रियापदाने बोलतो. दशावतारातील स्त्रीपार्टी नट तेच करतो. बालगंधर्वांनी ते इतक्या पराकोटीस नेले की, त्यांचे लुगडे नेसणे व केशरचना यांचे घरोघरच्या स्त्रिया अनुकरण करू लागल्या. आज ज्यास 'फॅनडम' म्हणतात ते पाहावयाचे असेल तर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग आठवावा. गंधर्वांचे आणि केशवराव भोसल्यांचे चाहते ही तेव्हा दोन सैन्येच होती. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर पोसलेली वाचनालये ही त्याचीच पुढची शाखा. इंग्रजीतील 'गीक' हा शब्द मुळात मूर्ख या अर्थाचा. तो अपशब्दाचा बिरुद झाला तो अलीकडे. आमच्याकडे 'वेडा' हा शब्द एकटा असता शिवी, आणि समासात गेला की गौरव: नाटकवेडा, पुस्तकवेडा. ही वाट मराठीने पुष्कळ आधी चालून दाखवली आहे.

एक गोष्ट मात्र लेखकास खटकली, ती नमूद करतो. या खेळाच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस आहे. तो तेथे पुराणांतून गेलेला नाही. एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ सालच्या भागावरून गेला. चित्रात त्याचे तोंड वाघाचे, अंगावर उंची झगा आणि हाती धूम्रपानाची नळी. पावसाळ्याच्या अखेरीस पनवेलच्या त्या मेजावर तो अवतरला, तेव्हा सूत्रधार मुलगा, ज्याचे आजोळ सावंतवाडीकडचे आणि ज्याने संकासुर लहानपणापासून पाहिलेला, म्हणाला, "समोर एक रॅक्शासा उभा आहे." लेखकाने विचारले, राक्षस का नाही? तो थोडा गोंधळला. म्हणाला, "सर, राक्षस म्हटलं की मला वेगळाच दिसतो. तो ओरडतो, नाचतो. हा नुसता बसून बोलतो." मग त्याने कागदावर काहीतरी खोडले. पुढच्या रविवारी त्या पात्राने प्रवेश केला तो आरोळी ठोकत, आणि वैदूणीने त्यास "काय रे, कुठल्या गावचा तू?" असे दरडावून विचारले.