गोधडीचा हिशेब

मैत्रिणींनो, राजापेठेत एखादीनं लाकडी खेळणी आणि गोधड्यांचं दुकान मांडलं, तर लाकडी बैलाची किंमत ती चटकन सांगेल. गोधडीशी मात्र अडखळेल. त्यामागे इतिहास आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्या विदर्भात पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा मागतात. बैल सुतारानं घडवलेला, म्हणून त्याला दाम मिळाला. गोधडी घरच्याच बाईनं जुन्या लुगड्यांची शिवली, लेकीबाळींना दिली, विकली नाही. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, पण गोधड्या शिवणाऱ्या बायांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणून किंमत ठरवताना कापड-दोऱ्यासोबत टाक्यांचे दिवसही मोजा आणि सुताराइतकीच रोजी लावा.